शिक्का नसलेल्या दीर्घिका

(नारायणगड, जि. बीड इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत ओझी वाहणारा मॅट्रिक माणूस. हा आकाशाबद्दल काय सांगणार, असं वाटेल. ऐका तर खरं.

मुंबईच्या दिव्यांत जो मरून जातो तो फिकट पट्टा इथे गडावर सरळ डोक्यावर आलाय. ती आपली आकाशगंगा. आपण तिच्या आतच राहतो, म्हणून ती पट्ट्यासारखी दिसते. ताऱ्यांच्या अशा वस्त्या अब्जावधी आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. देवयानीतली दीर्घिका तर नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तिचा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय.

गोणीवर शिक्का असतो. साखर की सिमेंट, वाचलं की कळतं. दीर्घिकेवर शिक्का नाही. मग ओळखायची कशी? एडविन हबलनं १९२६ साली आकारावरून वाटणी केली. चपटी तबकडी आणि वळत गेलेले बाहू, ती सर्पिल. मधून दांडा गेला असेल तर दंडसर्पिल. आपली आकाशगंगा त्यातलीच. नुसता गोल किंवा अंड्यासारखा गोळा, ती लंबवर्तुळाकार. तबकडी आहे पण बाहू नाहीत, ती भिंगाकार. कसलाच ठराविक आकार नाही, ती अनियमित.

पण आकार फसवतो. तबकडी कडेनं दिसली की नुसती रेघ. सर्पिल की भिंगाकार, सांगणं अवघड. मग रंग बघा. सर्पिल बाहूंत वायू असतो, धूळ असते, तिथे नवे तारे जन्मतात, म्हणून निळसर झाक. लंबवर्तुळाकारात वायू थोडा, तारे म्हातारे, रंग तांबूस. चाल बघा. तबकडीतले तारे एका दिशेनं फिरतात. गोळ्यातले बहुतेक वाट्टेल तिकडे.

हबलच्या आराखड्यावरून लंबवर्तुळाकारांना ‘आधीच्या’ आणि सर्पिलांना ‘नंतरच्या’ म्हणायची रीत पडली. तो जन्माचा क्रम नव्हे. उलट दोन सर्पिल दीर्घिका आदळून एक लंबवर्तुळाकार होऊ शकते. जन्माची जात मरेपर्यंत, हा कायदा तिथे चालत नाही.

आणि पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांतून एक सर्पिल दीर्घिका पुढे आणली. नाव ठेवलं अलकनंदा. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं होतं तेव्हाची ती, आणि दोन्ही बाहू रेखीव! एवढ्या लवकर अशी घडण होत नाही, असं जाणत्यांचं गणित होतं. ते आता पुन्हा मांडावं लागतंय.

तेव्हा पहिल्या नजरेत कुणी कुणाचा प्रकार ठरवला, तर त्याला विचारा: समोरून बघितलंस की कडेनं? रंग बघितलास? चाल बघितलीस?