कॅडिस माशीची नवी जात : केप ते मुळाकाठ

कॅडिस माशी ही खरे तर माशी नव्हे. तिचे जवळचे नाते फुलपाखरे आणि पतंगांशी आहे. पतंगाच्या पंखांवर खवले असतात, हिच्या पंखांवर बारीक केस. बसताना पंख कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते ठेवणारा हा मातकट कीटक सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. अळी पाण्यात वाढते आणि तोंडाजवळून रेशीम काढते. काही अळ्या त्या रेशमाने वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती खोळ करतात. काही दगडांच्या सांदीत जाळे विणून वाहत आलेले अन्नकण गाळतात. ट्रायकोप्टेरा या गणात जगभरात 16,000 हून अधिक, तर भारतात 1,000 हून अधिक जातींची नोंद आहे.

अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेत उगम पावणारी मुळा राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे धरणात अडते. वरच्या अंगाला खडकाळ, खळाळते ओढे आहेत. खाली जलाशयाचे संथ पाणी. जाळे विणणाऱ्या अळीला प्रवाह लागतो, त्यामुळे एकाच नदीच्या या दोन भागांत सारख्याच जाती सापडतील असे गृहीत धरता येत नाही. प्रौढ कीटक रात्री उजेडाकडे येतात. हुमणीचे भुंगेरे पकडण्यासाठी ऊस उत्पादक लावतात तसा प्रकाश सापळा ओढ्याकाठी लावला आणि खाली अल्कोहोल भरलेले पसरट भांडे ठेवले, की नमुने मिळतात. हा कामाचा सोपा भाग.

अवघड भाग पुढे आहे. पंखांचा रंग आणि लांबी फसवी असते: अल्कोहोलमध्ये रंग उडतो आणि एकाच जातीत आकार कमीजास्त असतो. भरवशाची खूण म्हणजे नराचे जननांग. त्यासाठी पोटाचा टोकाकडचा भाग वेगळा करून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवतात. मऊ ऊतक विरघळते आणि कठीण कवच उरते. ते ग्लिसरीनमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने, वरून आणि खालून पाहतात, आणि कॅमेरा ल्युसिडाच्या साह्याने रेखाटतात. किमारा ही भारतात आणि आफ्रिकेतही आढळणारी फार मोठी प्रजाती आहे. तिच्यातील जाती ओळखताना दहाव्या खंडाच्या बाजूच्या पाळ्यांची ठेवण, खालच्या उपांगांचा बाक, लिंगाच्या आतील काट्यांची संख्या आणि लांबी पाहावी लागते. मादीत अशा ठळक खुणा पुष्कळदा मिळत नाहीत, म्हणून केवळ मादीवरून नवी जात जाहीर करणे धोक्याचे.

म्हणजे वर्णन निम्मेच काम करते. उरलेले निम्मे तुलना करते. नवा नमुना कोणत्या ज्ञात जातीच्या सर्वांत जवळ आहे आणि तिच्याहून नेमका कशात वेगळा आहे, हे भेदनिदानात सांगावे लागते. जुनी वर्णने अपुरी असली की इथेच गाडे अडते. स्पॅनिश जेझुइट पाद्री लोंगिनोस नवास (1858–1938) याने बेल्जियन काँगोसह अनेक प्रदेशांतील जातींना नावे दिली, पण त्रोटक वर्णनांमुळे त्यांतील कित्येक नावे पुढच्या अभ्यासकांना डोकेदुखी ठरली. उत्साहाने दिलेले नाव मागे घेता येत नाही. मूळ नमुना पुन्हा तपासूनच त्याचा निकाल लावावा लागतो. याउलट के. एच. बर्नार्ड यांनी 1934 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कॅडिस माश्यांवर लिहिलेला प्रबंध आजही वापरात आहे. त्यात त्यांनी स्थापन केलेल्या पेट्रोथ्रिंकस, बार्बारोक्थॉन आणि हायड्रोसाल्पिंक्स या प्रजाती इतक्या निराळ्या निघाल्या, की पुढे तिघींना स्वतंत्र कुळे मिळाली.

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार, 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीचा नामधारक नमुना स्पष्टपणे नेमावाच लागतो. तो एकच असेल तर त्याला होलोटाइप म्हणतात; बरोबरचे इतर नमुने पॅराटाइप. नाव होलोटाइपला चिकटलेले असते, वर्णनाला नव्हे. म्हणून तो कुठे ठेवला हे महत्त्वाचे. भारतीय कॅडिस माश्यांवर सर्वाधिक काम करणाऱ्यांपैकी एक असलेले फर्नांड श्मिड यांचे बरेच नमुने कॅनडात आहेत, आणि येथील अभ्यासकाला तुलनेसाठी तिकडे विचारणा करावी लागते. जैविक विविधता कायदा, 2002 नुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. कोलकात्यातील भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण हे असे एक भांडार. त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

डीएनएचा पुरावा आता जोडला जातो. मायटोकाँड्रियातील एका जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा त्यासाठी सर्रास वापरतात. दोन नमुन्यांत किती टक्के फरक म्हणजे दोन जाती, याची सर्वत्र लागू पडणारी रेषा मात्र नाही, म्हणून आकाराचा पुरावा सुटत नाही. या तुकड्याचा खरा उपयोग अळी आणि प्रौढ यांची जोडी जुळवण्यात होतो. जुनी रीतही कामाची आहे: पक्व कोषाच्या आवरणात अळीची टाकलेली कवचे शिल्लक असतात आणि कोषातच प्रौढाचे जननांग तयार झालेले असते. एकाच नमुन्यात दोन्ही अवस्था हाती लागतात. अशी जोडी जुळेपर्यंत पाण्याची प्रत तपासणाऱ्याला अळी सापडली तरी जातीचे नाव लिहिता येत नाही. तो नोंदवहीत फार तर कुळ किंवा प्रजाती लिहू शकतो.