घरातील श्रद्धा आणि सार्वजनिक नीती

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ख्रिस्ती श्रद्धा, कौटुंबिक जीवन आणि सार्वजनिक नीती या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने अल्प आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी विठ्ठल, बुद्ध, बडादेव किंवा अल्लाह यांचे स्मरण होत असेल. तरीही हा विषय आपणा सर्वांचा आहे. श्रद्धा कोणतीही असो, ती घरात काय करते आणि घराबाहेर सेवेचे रूप घेते तेव्हा दुर्बळ माणसाशी कशी वागते, हा प्रश्न प्रत्येक धर्माला लागू होतो. धर्मादाय रुग्णालयाला तर तो रोजच सोडवावा लागतो. आज मी ख्रिस्ती परंपरेतील काही उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार करणार आहे.

पहिले उदाहरण आपल्या गावावरून गेलेल्या लोहमार्गाशी संबंधित आहे. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगावला चालले होते. तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, डोंगरगड असा तो मार्ग. त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना बायबल वाचावयास दिले आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ग्रंथ वाचला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इतिहासात या घटनेचे वर्णन बहुधा येथेच थांबते. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र खरी कथा येथून सुरू होते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना या निर्णयाने जबर धक्का बसला. त्या काळच्या कर्मठ ब्राह्मण घरातील स्त्रीला पतीचे धर्मांतर म्हणजे संसार संपल्याप्रमाणेच होते. पुढील काही वर्षे पती-पत्नी एकमेकांपासून दूर राहिले. नंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीजवळ आल्या. परंतु आरंभी त्यांनी आपले सोवळे-ओवळे सोडले नाही. पुढे राहुरी येथे असताना एके दिवशी त्यांनी जातिभेदाचा शांतपणे विचार केला. हे भेद देवाने केलेले नसून माणसाने केलेले आहेत, असा निश्चय त्यांच्या मनाशी झाला आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी.

या प्रसंगात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, मोठ्या तत्त्वांची कसोटी पाण्याच्या भांड्यापाशी आणि जेवणाच्या पंगतीत लागते. सर्व माणसे देवाची लेकरे आहेत असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. घरातल्या माठाला कोणाचा हात लागलेला चालतो, यावरून ते खरे की खोटे हे कळते. दुसरी गोष्ट अशी की, एका व्यक्तीच्या श्रद्धेची किंमत पुष्कळदा दुसरीला मोजावी लागते. टिळक उदार होते. वाटेल त्याला घरी आणावे, हातातले देऊन टाकावे, असा त्यांचा स्वभाव. उद्याच्या दाण्या-पिठाची चिंता मात्र लक्ष्मीबाईंना करावी लागे. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे विनोदाने आणि मायेने लिहिले आहे. पण वाचणाऱ्याला त्यामागचा ताण जाणवल्यावाचून राहत नाही. घरातील कर्त्या पुरुषाने दान करावे, व्रत घ्यावे, मत बदलावे. परंतु त्याचा भार जिच्यावर पडणार तिचे म्हणणे आधी ऐकावे, एवढा धडा हा संसार आपल्याला देतो. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि ते 1938 साली प्रकाशित झाले. ज्या श्रद्धेमुळे एकेकाळी घर दुभंगले, तिच्यावरील ग्रंथ पत्नीने पुरा केला, याचे कारण त्या श्रद्धेत तिला आपल्या पायांनी चालत येता आले.

स्त्रीचे म्हणणे ऐकण्याची ही गोष्ट घराघरांच्या सद्भावनेवर सोडून भागत नाही, हेही ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात दिसते. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीच्या व्यभिचाराच्या कारणाने घटस्फोट मागता येत असे. पत्नीला मात्र पतीचा केवळ व्यभिचार दाखवून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे. विवाह पवित्र मानणाऱ्या समाजात पावित्र्याचे माप मात्र दोघांना वेगवेगळे होते. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या भेदभावाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि 2001 च्या दुरुस्तीने संसदेने पती-पत्नीला समान कारणे दिली. त्यासाठी 132 वर्षे लागली.

आता घराचा उंबरठा ओलांडून सार्वजनिक जीवनाकडे वळू. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत 'शारदा सदन' स्थापन केले. विधवा व निराधार मुलींना आश्रय आणि शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता. रमाबाई स्वतः 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. तथापि सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. पुढे सदन पुण्यास गेले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून मोठा वाद उसळला. 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना काही बळ होते. स्वतःच्या घरात दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा अधिकार रमाबाईंना होता, आणि कोठे बसावे हे ठरविण्याचा अधिकार मुलींनाही असावयास हवा होता. पण जिच्या अन्नावर आणि छपराखाली एखादी अनाथ मुलगी राहते, तिच्या प्रार्थनेस जाऊन बसणे हे कितपत मोकळ्या मनाने घडते, हा पालकांचा प्रश्नही अगदीच निराधार नव्हता. रमाबाईंचे कार्य या वादानंतरही थांबले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला परिसर त्या वेळी त्याच प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होता. प्रांतातील भुकेने आणि अनाचाराने गांजलेल्या मुलींना त्यांनी आपल्याबरोबर नेले आणि केडगावच्या 'मुक्ती' संस्थेत त्यांना घर दिले. त्यांचा हा उपकार निःसंशय मोठा आहे. आश्रयदात्याची श्रद्धा आणि आश्रिताचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यामुळे मिटत मात्र नाही.

साठ वर्षांनी तोच प्रश्न आपल्या भागात सरकारी कागदावर आला. 1954 साली तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि आपला परिसरही त्याच राज्यात होता. 1956 साली समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी एक शिफारस त्यात होती. अहवाल एकतर्फी आहे, असा आक्षेप ख्रिस्ती संस्थांनी घेतला. पुढे 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही तितकेच आहे.

अहवालाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यासाठी मी येथे उभा नाही. रुग्णालयापुरता मुद्दा मला स्पष्ट दिसतो. खाटेवर पडलेला माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. वेदना, भीती आणि बिलाची काळजी यांनी तो वाकलेला असतो. अशा वेळी त्याच्यापुढे ठेवलेली कोणतीही श्रद्धा, मग ती कोणत्याही धर्माची असो, त्याच्या दृष्टीने उपचाराच्या किमतीचा भाग होऊन बसते. जे नाकारता येत नाही ते स्वीकारण्याला अर्थ राहत नाही. उलट, रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी आपणहून प्रार्थना, पूजा, नमाज किंवा बुद्धवंदना यांसाठी थोडी शांत जागा मागितली, तर ती देणे हा शुश्रूषेचाच एक भाग आहे.

ख्रिस्ती परंपरेतच याचे उत्तर आहे. येशूने सांगितलेली दयाळू शोमरोन्याची कथा आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. वाटमाऱ्यांनी घायाळ केलेला एक प्रवासी रस्त्यात पडला होता. धर्माचे दोन अधिकारी त्याला पाहून बाजूने निघून गेले. ज्या समाजाला ते लोक हीन मानीत, त्या समाजातला एक मनुष्य थांबला. त्याने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले, दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरीन असे सांगितले. त्याने जखमीची जात विचारली नाही, की आपल्या देवाचे नावही सांगितले नाही. या कथेत उतारशाळेचाही एक चालक आहे. त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. अनोळखी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने जखमीला आत घेतले. आपले रुग्णालय त्या चालकाच्या जागी आहे, आणि देणगीदार नाणी देणाऱ्याच्या जागी.

ही कथा आज भारतीय कायद्यातही पोहोचली आहे. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला पोलिसांचा व दवाखान्याचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले, आणि त्यात मदतकर्त्याला दिलेले नाव त्याच शोमरोन्यावरून घेतलेले आहे. सडक अर्जुनी आणि देवरीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. त्या रस्त्यावरून जखमीला घेऊन येणाऱ्या ट्रकचालकाला किंवा शेतकऱ्याला आपल्या दारात अडवून न ठेवणे, त्याच्याकडे पैसे न मागणे, ही सार्वजनिक नीतीची अगदी साधी कसोटी आहे. दुसरी कसोटीही कायद्याने ठरवून दिलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवावयाच्या आहेत. हा आकडा किमान मर्यादेचा आहे, हे विश्वस्तांना मी सांगावयास नको.

देणगीदारांना एक नम्र निवेदन. ज्या डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावले, त्यात दान गाजावाजा न करता करावे, असा उपदेश आहे. संस्थेने जमा-खर्च आणि देणगीदारांची यादी छापणे हिशेबाच्या पारदर्शकतेसाठी आवश्यकच आहे. तथापि आपल्या देणगीतून ज्याचा उपचार झाला त्याचे नाव, छायाचित्र किंवा कृतज्ञतेचे शब्द मागू नयेत. मदत घेतल्यानंतरही त्याला गावात ताठ मानेने वावरता आले पाहिजे.

रुग्णांच्या आप्तजनांनाही थोडे सांगावेसे वाटते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर प्रथम तिला किंवा त्याला विचारा. सून, मुलगी किंवा वृद्ध आई आजारी असेल तर रोवणीचा हंगाम उलटेपर्यंत थांबू नका. घरातील ज्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो त्याचे दुखणे सर्वांत उशिरा दवाखान्यात पोहोचते. आपण घरात ज्या देवापुढे दिवा लावता, त्याच्या नावाने तरी हे टाळावे.

लक्ष्मीबाईंना विचार करण्यास पाच वर्षांचा अवधी मिळाला. आपल्या रुग्णालयात येणाऱ्याजवळ तेवढा वेळ नसतो, काही वेळा तासभरही नसतो. म्हणून त्याचे स्वातंत्र्य त्याच्या वतीने आपणच जपले पाहिजे. ज्या घरात, ज्या संस्थेत दुर्बळ माणसाला निर्भयपणे नाही म्हणता येते, तेथील श्रद्धा खरी, मग तिचे नाव काहीही असो. ही जबाबदारी आपण आजवर सांभाळली, पुढेही सांभाळाल असा मला विश्वास वाटतो.