मनाचें दुखणें आणि प्रार्थना

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भिवंडी तालुक्यांत, पडघा नांवाचें गांव आहे. तेथें आमच्या ख्रिस्ती कुटुंबाचें घर आहे. मालमोटारींची घरघर रात्रंदिवस ऐकूं येणाऱ्या त्या घरांत, एके पावसाळ्यांत, माझा धाकटा भाऊ बोलेनासा झाला. प्रथम त्यानें कामावर जाणें सोडलें, मग पंक्तीला येणें सोडलें, आणि शेवटीं तो खोलींतला दिवाहि लावूं देईना. भिंतीपलीकडून आपल्याविषयीं कोणी बोलत आहे, असें तो म्हणे. आम्ही कान लावून ऐकत असूं. आम्हांला केवळ पाऊस ऐकूं येई.

त्या दुखण्याचें वर्णन करण्याचा आज माझा हेतु नाहीं. तें दुखणें घरांत आलें असतां आम्हीं जी प्रार्थना केली, तिच्याविषयीं मला बोलावयाचें आहे. कारण त्या प्रार्थनेंत आमची एक मोठी चूक झाली, आणि ती चूक पुष्कळ भाविक घरांतून होत असते. मग तीं घरें ख्रिस्ती असोत वा नसोत.

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभें आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही आमच्या बाजूची जुनी कोटी. लहानपणीं मीहि ती केली होती. तिची धार किती आहे, हें ती स्वतःच्या घरावर येऊन पडेपर्यंत मला कळलें नाहीं. लाजेमुळें आम्हीं कांहीं महिने घालविले. अखेर डॉक्टरांकडे गेलों, औषध सुरू झालें, आणि हळूहळू भाऊ पुन्हां आमच्याबरोबर जेवूं लागला. टिळकांचें एखादें भजन तो गुणगुणूंहि लागला. त्याच सुमारास प्रार्थनेला येणाऱ्या एका परिचितानें सांगितलें कीं, जेथें खरा विश्वास आहे, तेथें गोळ्यांची गरज काय? तें मला पटलें. गोळ्यांची डबी मीं स्वतःच्या हातानें कुलपांत ठेवली. कांहीं आठवड्यांनीं, एका पहाटे, भाऊ हमरस्त्याच्या कडेला अनवाणी उभा सांपडला. त्या परिचिताला मी दोष देत नाहीं. कुलूप मीं लावलें होतें.

त्यानंतर मीं पवित्र शास्त्र पुन्हां उघडलें, तें उत्तर शोधण्यासाठीं नव्हे, तर लाज लपविण्यासाठीं. तेथें मला एलीया भेटला. कर्मेल डोंगरावर देवाचा एवढा मोठा विजय पाहिलेला हा संदेष्टा पुढें रानांत पळून जातो, रतामाच्या झुडपाखालीं बसतो आणि आतां मरण येऊं दे, असें मागतो. देव त्याला काय पाठवितो? उपदेश नव्हे. प्रथम झोंप, मग भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. पुन्हां झोंप, आणि पुन्हां भाकर. देवाची वाणी त्याला ऐकूं येते, ती त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं. ज्याचें मन खचलें आहे, त्याच्या शरीराची काळजी घेणें हें देवाच्या कार्याबाहेरचें नाहीं, हें त्या गोष्टींत मीं अनेकदां वाचलें होतें. ध्यानांत मात्र आलें नव्हतें. मग भावाची गोळी ही त्या भाकरीच्याच जातीची कां नसावी? पौलाचा प्रिय सोबती लूक हा तर वैद्यच होता.

ईयोबाचे मित्रहि मला त्या दिवसांत नव्यानें समजले. ते त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर निमूटपणें बसले. तोंवर ते उत्तम मित्र होते. त्यांचें चुकलें तें बोलूं लागल्यावर. दुःख आलें त्याअर्थीं पाप असलेंच पाहिजे, असा हिशेब त्यांनीं मांडला, आणि देवानें पुढें तो हिशेब साफ नाकारला.

परंतु प्रार्थना केली आणि रोग गेला, असेंच नेहमीं घडतें काय? इंग्रज कवि विल्यम कूपर (१७३१–१८००) याचें उदाहरण पाहा. १७६३ सालीं त्याचें मन ढांसळलें. सेंट ऑल्बन्स येथील एका डॉक्टरच्या आश्रयाला तो बरा झाला, आणि तेथेंच त्याला श्रद्धा लाभली. ऑल्नी गांवचा धर्मोपदेशक जॉन न्यूटन याच्यासह त्यानें रचलेलीं गीतें १७७९ सालीं प्रसिद्ध झालीं. मात्र १७७३ च्या आजारानंतर देवानें आपल्याला टाकलें आहे, ही भावना त्याला आयुष्यभर सुटली नाहीं. त्याचीं गीतें लोक गात राहिले आणि तो स्वतः अंधारांत राहिला. याला विश्वासाचा अभाव म्हणावें काय? मला तसें म्हणवत नाहीं. मेरी अन्विन या बाईनें वर्षानुवर्षें त्याची शुश्रूषा केली. त्याला स्वतःसाठीं प्रार्थना करवत नव्हती, तेव्हां इतरांनीं ती त्याच्यासाठीं वाहिली. स्तोत्रसंहितेंतलें ८८ वें स्तोत्रहि अंधाराच्याच उल्लेखानें संपतें. तरी त्याला प्रार्थनेंतून कोणी वगळलें नाहीं.

आपल्या मराठींतहि असें एक घर आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’च्या आरंभींच त्यांचे वडील भेटतात. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या सासऱ्यांस फांशी झाली, आणि पुढें त्यांना सोवळ्यानें असें कांहीं पछाडलें कीं, घरांत येणारा जिन्नस धुतल्यावांचून त्यांना चालेना. त्या वागण्याला आज कोणतें वैद्यकीय नांव द्यावें, हें इतक्या दुरून ठरविणें योग्य नव्हे. लक्ष्मीबाई घराला झालेला जाच लपवीत नाहींत, हंसतातहि. परंतु वडिलांचा तिरस्कार मात्र करीत नाहींत. रोग्याला माणूस म्हणून पाहण्याची ही दृष्टि मला एखाद्या प्रवचनाइतकीच मोलाची वाटते.

आमच्या घरची प्रार्थना आतां बदलली आहे. रात्रीं जेवण होतें, भाऊ गोळी घेतो, आणि मग आम्ही मोजक्या शब्दांत प्रार्थना करतों. त्यानें डोळे मिटावे, ‘आमेन’ म्हणावें, असा आग्रह नसतो. मंडळींत त्याचें नांव घ्यावयाचें, तर आधीं त्याला विचारतों. दुसऱ्याचें दुखणें त्याच्या परवानगीवांचून चारचौघांत सांगणें ही दया नव्हे.

कायदाहि आतां पुढें आला आहे. १९१२ च्या जुन्या कायद्याची भाषा वेड्याला कोंडण्याची होती. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार हा रोग्याचा हक्क मानतो. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची सरकारी दूरध्वनिसेवा चालू आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्रीं विनामूल्य बोलतां येतें. तो क्रमांक आमच्या घरीं पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिला आहे. मला त्यांत विसंगति वाटत नाहीं.

भाऊ पूर्ण बरा झाला, असें मी सांगणार नाहीं. एके रात्रीं त्यानें विचारलें, “दादा, देव माझ्यावर रागावला आहे का रे?” पूर्वीं मीं त्याला दहा वचनें ऐकविलीं असतीं. त्या रात्रीं मीं एवढेंच म्हटलें, “नाहीं. तूं आजारी आहेस, आणि मी येथेंच बसलों आहें.” तो कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें आपण होऊन हात लांब केला आणि दिवा लावला. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां मालवलेलाच होता. तरीहि त्या रात्रीची माझी प्रार्थना ऐकली गेली, असें मी मानतों.