शोध कोणाचा, माल कोणाचा?

(जरीपटका, नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

‘शोधाचे विक्रीयोग्य मालात रूपांतर’ असा विषय तुम्ही मला दिला आहे. हे शब्द ऐकताच डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, कारखाना आणि पेटंटची कचेरी उभी राहते. मी तुम्हांला इतक्या लांब नेणार नाही. अभ्यासवर्ग संपल्यावर जरीपटक्याच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानापुढे क्षणभर थांबा. तांदळाच्या उघड्या पोत्यांत खोचलेल्या पाट्यांमध्ये ‘एचएमटी’ ही पाटी तुम्हांला हमखास दिसेल. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांनी वाढवलेल्या या पेठेतून नागपूरकर हा तांदूळ वर्षानुवर्षे घरी नेत आहेत. दुकानदाराला त्याचा भाव ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला त्याची चव ठाऊक असते. तो शोधला कोणी, हे मात्र दोघांपैकी कोणी सहसा सांगू शकत नाही.

मी दुसऱ्यांना दोष देत नाही. तीसएक वर्षे मी अर्थशास्त्र शिकवले. आर्थिक वाढीच्या समीकरणात ‘तांत्रिक प्रगती’ हा घटक बाहेरून येतो, असे फळ्यावर लिहून दाखवत होतो आणि घरी जाऊन एचएमटीचा भात जेवत होतो. ती तांत्रिक प्रगती आपल्याच विदर्भातील एका दीड एकराच्या शेतकऱ्याच्या बांधीतून माझ्या ताटात आली होती, हे मला फार उशिरा कळले.

त्या शेतकऱ्याचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. दलित कुटुंबातला जन्म आणि शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल-३’ या वाणाचे धान उभे होते. त्यात काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर होता. आपण म्हणाल, यात शोध कसला? सृष्टीत असे बदल होतच असतात. खरे आहे. परंतु हजारो शेतकऱ्यांच्या शेतात असा बदल होतो आणि कापणीत नाहीसा होतो. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी जपले, पुढच्या हंगामात निराळे लावले, रानडुकरांपासून राखले, आणि हेच वर्षानुवर्षे केले. भिन्न निघालेले रोप उपटायचे आणि इच्छित गुणाचे ठेवायचे, यालाच शास्त्रज्ञ ‘निवड’ म्हणतात. अशा निवडीतून बारीक दाण्याचा, चवीला सरस आणि भरघोस उत्पन्नाचा वाण तयार झाला.

शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञाने ‘शोध’ आणि ‘नवप्रवर्तन’ यांत भेद केला. शोध म्हणजे नवी गोष्ट सापडणे. नवप्रवर्तन म्हणजे ती गोष्ट उत्पादनात व बाजारात आणणे. या दुसऱ्या कामाला पैसा लागतो, धोका पत्करावा लागतो, म्हणून नफा त्या कामाचा, असे त्याच्या विवेचनाचे तात्पर्य. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण हे दुसरे काम कोण करू शकतो, हा प्रश्न पुस्तकाच्या पानावर सुटत नाही. तो जमिनीच्या वाटणीने सुटतो.

दादाजींच्या वाणाचे काय झाले पाहा. १९९० च्या सुमारास गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बी नेले, चार एकरांत लावले आणि निघालेले धान जवळच्या तळोधीच्या बाजारात आणले. वाण नवा होता, त्याला नाव नव्हते. बाजारात बिननावाचा माल विकला जात नाही. तेव्हा एचएमटीचे मनगटी घड्याळ ही प्रतिष्ठेची वस्तू होती, म्हणून व्यापाऱ्याने धानाला तेच नाव दिले. वाण त्या नावाने पसरत गेला आणि विदर्भाची सीमा ओलांडून शेजारच्या राज्यांतही पोहोचला.

या घटनेत तीन पक्ष आहेत, आणि ते नीट वेगळे केले पाहिजेत. वाण निर्माण केला अल्पभूधारकाच्या श्रमाने. नावामागचा विश्वास निर्माण केला होता सार्वजनिक उद्योगाने, कारण एचएमटी ही सरकारी कंपनी होती आणि देशातील कामगारांनी त्या तीन अक्षरांना पत मिळवून दिली होती. आणि या दोहोंची सांगड घालून बाजार उभा केला तो व्यापाऱ्याने. भरभराट झाली ती तिसऱ्याची. घड्याळाचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली केंद्र सरकारने घेतला. नाव उरले ते तांदळाच्या पोत्यावर.

आता कोणी म्हणेल, दादाजींनी स्वतःच बियाण्याचा धंदा का केला नाही? ज्याच्याजवळ दीड एकर आहे, त्याचे अख्खे शेत हे त्याचे ताट असते. त्यातला एक तुकडा प्रयोगाला काढणे म्हणजे घरच्या खाण्यातून दाणे काढणे. बियाण्याचा धंदा करायचा तर बी शुद्ध ठेवण्यासाठी वेगळी जमीन हवी, साठवणीला कोठार हवे, प्रमाणीकरणाचा खर्च हवा, आणि पहिली विक्री होईपर्यंत दोन-तीन हंगाम थांबण्याची ताकद हवी. ही थांबण्याची ताकद म्हणजेच भांडवल. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिला नांगर विकायलाच सुमारे दोन वर्षे गेली. लक्ष्मणराव तगले आणि पुढे १९१० साली औंधच्या राजांनी कारखान्यासाठी जागा दिली म्हणून किर्लोस्करवाडी वसली. दादाजींना औंध भेटले नाही.

आपल्या पंथाशी संबंध असलेले एक उदाहरण येथे सांगतो. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी लंडनमध्ये मुद्रणाचे खिळे पाडणारे यंत्र तयार केले. त्यासाठी भांडवल मिळवून द्यावे म्हणून दादाभाई नौरोजींनी गळ घातली ती हेन्री हाइंडमन यांना, म्हणजे ब्रिटिश समाजवादाच्या एका आद्य पुढाऱ्याला. भांडवल उभे राहिले नाही. पुढे रतन टाटांनी मदत केली, तरी भिशांना आयुष्याच्या उत्तरार्धात अमेरिकाच गाठावी लागली, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अंत झाला. भांडवलशाहीचे विश्लेषण करणाऱ्यालाही एका यंत्रापुरते भांडवल उभे करता आले नाही, ही गोष्ट आपण विनयाने लक्षात ठेवावी.

येथवर मी जे सांगितले ते तुम्हांला रुचले असेल. आता जे सांगणार आहे ते कदाचित रुचणार नाही.

आपले नेहमीचे उत्तर असे असते की, हे काम खाजगी हातांतून काढून सरकारने करावे. या प्रकरणात सरकार होते. १९९४ साली पंजाबराव कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बी प्रयोगासाठी नेले. १९९८ साली विद्यापीठाचा वाण प्रसृत झाला, त्याचे नाव ‘पीकेव्ही-एचएमटी’. शेतकऱ्याचे बी मिश्र होते, ते आम्ही शुद्ध केले, अशी विद्यापीठाची बाजू होती. शुद्धीकरण हे खरे काम आहे, त्याला कौशल्य लागते, आणि त्याचे श्रेय विद्यापीठाला अवश्य मिळावे. पण ज्याच्या बियाचे शुद्धीकरण केले त्याचे नाव नोंदवण्यास कोणता शास्त्रीय नियम आड येतो? व्यापाऱ्याने निदान आपण शोधक आहोत असे म्हटले नव्हते. ते म्हटले सार्वजनिक संस्थेने, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने. मित्रहो, ‘सरकारी’ म्हणजे आपोआप ‘समाजाचे’ नव्हे. ज्या संस्थेच्या दारात तिसरी शिकलेला शेतकरी केवळ ‘लाभार्थी’ म्हणून उभा राहतो, तिची मालकी कागदावर जनतेची असली तरी तिचा व्यवहार जमीनदाराचाच राहतो.

यानंतर सत्कार झाले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले. राज्य शासनाने सुवर्णपदक दिले, आणि ते विकण्याची वेळ आली तेव्हा त्यातील सोने अस्सल नसल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत गाजल्या. मुलाच्या आजारपणात जमीन विकावी लागली. तरीही प्रयोग थांबले नाहीत. ‘नांदेड-९२’, ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’, ‘डीआरके’ असे आणखी कितीतरी वाण त्यांनी काढले. ३ जून २०१८ रोजी ते वारले. शाल, श्रीफळ आणि पदक ही मोबदल्याची जागा घेऊ शकत नाहीत. किंबहुना मोबदला द्यायचा नसतो तेव्हाच सत्कार मोठा होतो.

मग दादाजींना पेटंट हवे होते का? येथे घाईने ‘होय’ म्हणू नका. धानाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून शेतकरी घरचे बी राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो. एचएमटी जो गावोगाव पसरला तो या हातोहाती देवाणघेवाणीने. दादाजींनीही बी अडवून धरले नाही. त्यावर मक्तेदारी असती तर ते गरीब धानउत्पादकापर्यंत पोहोचलेच नसते. उलट बाजू पाहायची तर कापसाकडे पाहा. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. म्हणून कंपन्यांचे भांडवल तिकडे धावले आणि कापूसउत्पादकाचा बियाण्यावरचा ताबा गेला. तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न असा आहे : बी मोकळे राहावे आणि शोधकही उपाशी राहू नये, हे एकाच वेळी कसे साधेल?

माझे उत्तर असे की, मोबदला गिऱ्हाइकाला अडवून घेण्याऐवजी समाजाने एकत्रितपणे द्यावा. या उत्तराला कायद्यात जागा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने शेतीच्या पद्धती पेटंटबाहेर ठेवल्या, आणि आजही त्या कायद्यानुसार वनस्पतीवर व बियाण्यावर पेटंट मिळत नाही. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली वाणांना संरक्षण देणे भाग पडले, तेव्हा आपण २००१ साली वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा स्वतंत्र कायदा केला. दादाजींचे बी नेले गेले तेव्हा तो नव्हता. आता आहे. ब्रँडचे लेबल न लावता बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्यात मान्य आहे. शेतकऱ्याच्या वाणावरून दुसरा वाण काढायचा तर कलम ४३ नुसार त्या शेतकऱ्याची संमती लागते. वाण घडवण्यात एखाद्या गावाचा वाटा असेल, तर कलम ४१ प्रमाणे कोणतीही व्यक्ती वा संस्था त्या गावाच्या वतीने दावा लावू शकते. कलम ४४ प्रमाणे शेतकऱ्याला या कार्यवाहीत शुल्क नाही. मोबदल्यासाठी राष्ट्रीय जनुक निधीची तरतूद आहे.

पण कायदा स्वतःहून नांदेडला चालत जात नाही. नोंदणीसाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी टिपणे हवीत, नमुने हवेत, अर्ज हवेत. दादाजींसारख्या माणसाला हात देण्याचे ते स्थान आज रिकामे आहे, आणि ते आपले आहे असे मला वाटते. बीजोत्पादकांच्या छोट्या सहकारी संस्था तालुक्या-तालुक्यांत उभ्या करता येतील. शोधकाचा वाटा लेखी कराराने ठरवून त्या संस्थेनेच बी वाढवावे. विद्यापीठाला बी द्यायचे तर पावती घेऊन आणि अटी लिहून द्यावे. अकोल्याचे राज्य बियाणे महामंडळ १९७६ पासून जनतेच्या पैशावर उभे आहे. शेतकऱ्याच्या वाणाचे बी शेतकऱ्याच्या नावाने बाजारात आणण्याची मागणी त्याच्याकडे आपण का करू नये? यांतले एकही काम मोर्च्याइतके आकर्षक नाही. वर्षभर अर्ज भरत बसण्याला फुलांचा हार कोणी घालत नाही. परंतु शोध आणि माल यांच्यामधली जी वाट आज धनवंताच्या शेतातून जाते, ती दुसरीकडून काढण्याचा मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

तुमच्यापैकी काही जण धानपट्ट्यातून, नागभीड-ब्रह्मपुरीकडून, भंडारा-गोंदियाकडून आलेले आहेत. चर्चेच्या वेळी माझ्या भाषणाबद्दल बोलण्याऐवजी त्यांनी आपल्या गावात कोणी स्वतःचा वाण जोपासला आहे का, ते सांगावे. ती नावे टिपून घेण्यासाठी मी वही आणली आहे.