दुधाचा पगार



या वेळेला तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा रेडिओ गोठ्यात लागलेला असणार आणि धारा चालू असणार. म्हणून मोठाले आकडे एकदम अंगावर टाकत नाही. देशाच्या शेतीचं आणि पशुपालनाचं पुढं काय होईल, यावर मला बोलायला सांगितलंय. भविष्य सांगणं हा आपला धंदा नव्हे. खतावणी तेवढी वाचून दाखवतो.

धान्याची बाजू आधी उरकू. 2024-25 साली देशात 35 कोटी टनांहून जास्त अन्नधान्य पिकलं. एवढं त्याआधी कधी पिकलं नव्हतं. दुधात तर आपण जगात पहिले आहोत. 2023-24 साली जवळजवळ 24 कोटी टन दूध निघालं. कोठारं भरली, कॅन भरले. घरात काय पडलं?

त्यासाठी केंद्र सरकारच्या नमुना पाहणीकडं जावं लागतं. 2018-19 साली शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न निघालं 10,218 रुपये. त्यात मजुरीचे आणि नोकरीचे 4,063, पिकांचे 3,798 आणि जनावरांचे 1,582. म्हणजे सातबारा नावावर असलेलं घर पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालतंय. त्याच्या सहा वर्षं आधी पिकांचे 3,081 होते आणि जनावरांचे फक्त 763. जनावरांचं उत्पन्न दुपटीवर गेलं. पिकाचं वाढलेलं दिसतं खरं, पण मधली महागाई वजा केली तर ते मागंच सरकलंय. तेव्हा गोठ्यानं घर तारलं, असं म्हणायला हरकत नाही. बरेच जण म्हणतातही.

पण त्याच पाहणीत आणखी एक तक्ता आहे. रोखीनं केलेल्या खर्चाबरोबर घरचा चारा, घरची माणसं यांचीही किंमत धरली, तर जनावरांचे 1,582 रुपये उतरून 441 वर येतात. पिकाचे 3,058 राहतात. पिकात पाचवा हिस्सा जातो, गोठ्यात जवळजवळ तीन चतुर्थांश! दुधाचा फायदा म्हणून आपण जे मोजतो, ते बरंचसं न मोजलेला कडबा आणि न मोजलेले हात आहेत. पुढच्या दहा वर्षांचं मला विचाराल, तर मी या दोन गोष्टींकडं बघेन.

कडब्याचं बघा. मी सोलापूरकडचा, ज्वारीच्या मुलखातला. आमच्या लहानपणी कुणाच्या घरी सोयरीक करायची तर लोक आधी कडब्याची गंज बघायचे. आता खरिपात सोयाबीन, मागून हरभरा. दोन्हींतून पैसा येतो, पण गंज लागत नाही. सोयाबीनचं भुसकट जनावर तोंड वाकडं करून खातं. साठच्या दशकात देशात ज्वारीखाली 1 कोटी 80 लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र होतं, ते आता 40 लाखांच्या घरात आलंय. झाशीच्या चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानं देशात सुक्या चाऱ्याची तूट 23 टक्के आहे. शेतीच्या एकूण उत्पन्नात पशुधनाचा वाटा 30 टक्क्यांवर गेलाय आणि चारापिकांना लागवडीची जमीन मिळते जेमतेम 4 टक्के. उरलेलं जनावरानं पिकाच्या उष्ट्यावर भागवायचं.

घरचा चारा संपला की पेंड आली. आमच्या थोरल्या बंधूंच्या तीन गाई आहेत. दर दहा दिवसांनी डेअरीची पावती येते. त्याला गावात दुधाचा पगार म्हणतात. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि खाली वजावट: पेंडीची उचल. वरचा आकडा बघून माणूस खूश होतो, खालचा बघून पावती घडी घालून खिशात ठेवतो. 2024 साली दूध पावडरीचे भाव पडले आणि गाईच्या दुधाचा दर कोसळला, तेव्हा राज्य सरकारनं लिटरमागं आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान दिलं. त्यानं श्वास मिळाला, पेंड काही स्वस्त झाली नाही.

पेंडीची दोरी आता आणखी कुठं बांधलेली आहे, तेही सांगतो. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य 2025 मध्ये गाठलं गेलं. त्यासाठी मका लागला. मक्याला भाव आला, मकावाल्याचं भलं झालं, आनंद आहे. पण कोंबडीवाल्याचा निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा असतो, त्याचं कंबरडं मोडलं. मका निर्यात करणारा देश 2024 मध्ये मका आयात करू लागला. पुढं गंमत अशी, की इथेनॉल काढल्यावर उरलेला मक्याचा चोथा खाद्यात स्वस्त पडतो, म्हणून सोयापेंडीचा उठाव घटला. सोयाबीन घसरायला बाकीही कारणं होती, हे एक त्यांतलं. 2024 च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, आणि लातूरच्या बाजारात सोयाबीन त्याच्या खालीच विकलं गेलं. मी इथेनॉलच्या विरुद्ध नाही. मात्र पीक आणि जनावर यांचे निर्णय दोन वेगळ्या टेबलांवर होतात, आणि शेतकऱ्याच्या घरात वही एकच असते.

मला दिसतं ते असं. दुधाला, अंड्याला, मांसाला गिऱ्हाईक वाढतच जाईल, त्याची काळजी नाही. ज्याच्याकडं मक्याचा मुरघास भरायला पाणी आणि रान आहे, तो वीस गाईंचा गोठा चालवील. पण देशातले 86 टक्के शेतकरी दोन हेक्टरांच्या आतले. त्यांच्या दोन-तीन गाई विकतच्या पेंडीवर फार काळ उभ्या राहतील, असं मला वाटत नाही.

राहिले हात. मी एकदा वहिनींना विचारलं, गोठ्यात दिवसाचे किती तास जातात? त्या म्हणाल्या, "शेण काढायचा वेळ कोण मोजतं, भावजी?"

यंदा बंधूंनी दोन एकर ज्वारी पेरायचं मनात घेतलं. पुतण्यानं मोबाईलवर हिशेब मांडला: बियाणं, खत, काढणी, मळणी, धान्याचा भाव. तोटा आला. वहिनी चुलीपाशी होत्या, तिथून म्हणाल्या, "कडबा धरलास का?" त्यानं शेकड्याच्या भावानं कडबा धरला. हिशेब जेमतेम बरोबरीत आला, सगळे हसले. मग वहिनींनी विचारलं, "आणि पाखरं राखायला मी जाणार, ते?"

पुतण्यानं मोबाईल खिशात टाकला.