चंचल मूल आणि आईच्या माथी दोष

मैत्रिणींनो, बालवाडीचा विषय स्त्रियांच्या गटात कशाला, असं काहींना वाटेल. पण वस्तीत एखादं मूल जागेवर बसेना, की "आईचं लक्ष नाही" हा निकाल आधी लागतो. ती कामावर जाणारी असली तर बघायलाच नको.

चार वर्षांचं मूल धड दहा मिनिटं बसत नाही, यात नवल नाही. ते वयच तसं. मात्र काहींची अडचण याहून जास्त असते. घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे, महिनोन् महिने दिसते. गोष्ट अर्ध्यात सुटते, रांगेत थांबवत नाही. अशी मुलं अक्षरं, आकडे, नवे शब्द यांत बरेचदा मागे पडतात. ती मंद असतात म्हणून नव्हे, तर ऐकलेलं मनात ठरेपर्यंत लक्ष टिकत नाही म्हणून. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लाडाने किंवा साखर खाल्ल्याने हे होत नाही.

मग घरच्यांच्या समजुतींचा संबंध कुठे येतो? "माराशिवाय सुधारणार नाही" म्हणणाऱ्या घरात मुलाशी बोलणं म्हणजे हुकूम सोडणं एवढंच उरतं. बोलण्यातून मूल शिकतं असं ज्यांना वाटतं, ते त्याला भाकऱ्या मोजायला लावतात, भाजी निवडताना रंग विचारतात. चंचल मुलाला याची गरज अधिक, आणि नेमका त्याच्याच वाट्याला ओरडा येतो.

मुलींचं आणखी वेगळं. कोपऱ्यात गप्प, भलतीकडेच हरवलेली मुलगी "शहाणी" ठरते. मुलींचं निदान मुलांपेक्षा कमी आणि उशिरा होतं, ते काही उगीच नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९७५ पासूनच्या सरकारी अंगणवाडीत मुलाचं वजन मात्र नेमाने होतं. त्याच्याशी गप्पा मारायला आहार आणि नोंदींखाली दबलेल्या सेविकेला सवड कुठली?

तरी एक धागा हाती आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत ही अडचण आहे. पथक आलं की आपल्या गटाने तिथे हजर राहावं, गप्प मुलींकडेही बोट दाखवावं. इतक्या लहान वयात औषधाआधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण द्यावं, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. आपल्याकडे "पालक" म्हणून आईच तेवढी येते. तेव्हा पालकसभा रविवारी ठेवा आणि निरोप बापाच्या नावाने धाडा.