दीपनगर : मालक बदलला, रजेचे काय?

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. बॉयलर तेच, पाळ्या त्याच; नियोक्ता मात्र नवा. मग मंडळात साठलेली अर्जित रजा बुडाली काय? विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३३ सांगते की, हस्तांतरण योजनेखाली वर्ग झालेल्यांच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कोणत्याही प्रकारे कमी लाभदायक असता कामा नयेत. स्वतः राजीनामा देऊन अन्यत्र जाणाऱ्यास हे संरक्षण नाही. आपल्याकडे रजेची आठवण बहुधा लग्नसराईत किंवा निवृत्तीच्या तोंडावर होते! तोवर जुने कागद कोण शोधणार? म्हणून असे हस्तांतरण होताच त्या दिवशीची शिल्लक रजा सेवापुस्तकात उतरली आहे काय, हे प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावे.